धुतलेली भट्टी

साहेब भट्टी बघायला येणार असं पत्र आलं, आणि आई झाडू शोधायला उठली.

पत्र इंग्रजीत होतं. घरात ते वाचता येणारा मी एकटाच. कॉलेजात जाऊन वर्ष झालं होतं, तरी सरकारी इंग्रजी वाचताना मी अडखळायचो. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग मराठीत सांगितलं. कर्जाचा अर्ज पोचला आहे. येत्या गुरुवारी सकाळी आमचे अधिकारी तुमचा कारखाना पाहायला येतील. जामीन राहणाऱ्या व्यक्तीनेही तिथे हजर राहावं. अधिकारी जे लिहितील त्यावर कर्ज द्यायचं की नाही ते ठरेल.

'कारखाना' ऐकून बाबांनी भोवती नजर फिरवली. कुडाच्या तीन भिंती, वर कौलं, मधे भट्टी, बाजूला चामड्याचा भाता, लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण. चौथ्या बाजूला भिंत नव्हतीच, तिथून वर्सोव्याच्या खाडीचा वारा यायचा. मागे आमची राहायची खोली. या सगळ्याला आम्ही भट्टीच म्हणायचो.

"कारखानो म्हणतत तेका?" बाबांनी विचारलं.

"अर्जात तसंच लिहावं लागतं, बाबा."

"मगे येऊन बघतलो आणि म्हणतलो, कारखानो खंय आसा?"

ते हसले नाहीत. मीही नाही.

बाबा कोकणातून आले ते एका ओळखीच्या माणसाच्या मागोमाग, आणि वर्सोव्याच्या कोळ्यांना होड्यांचे खिळे, नांगर, सुकाणूची लोखंडं करून देऊ लागले. माझा जन्म याच भट्टीमागे झाला. मी शाळेत असेपर्यंत काम पुरून उरायचं. मग होड्यांना इंजिनं बसायला लागली. इंजिन बसवायला जाड लोखंडी पट्ट्या लागतात आणि त्यांना सगळी भोकं एका रेषेत, गोल आणि गुळगुळीत लागतात. बाबा लोखंड लाल करून घणाने भोक पाडायचे. एखादं केसभर सरकायचं आणि बोल्ट जायचा नाही. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण पुढच्या वेळी पट्ट्या मुंबईहून आणायचं. खिळेही आता दुकानात तयार मिळू लागले होते. विजेवर चालणारं भोकं पाडायचं मशीन घेतलं नाही, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भट्टी विझणार, हे बाबांना कळत होतं. तसं झालं तर ते कुठल्या तरी गिरणीच्या फाटकाशी उभे राहणार आणि मी कॉलेज सोडून त्यांच्या शेजारी. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. आई भाकरी थापता थापता मधेच थांबायची, त्यावरून मला समजायचं.

पैशासाठी आम्ही फिरलो होतो. अंधेरीचा एक शेठ म्हणाला, जागेचे कागद आणा; जागेचे कागद आमच्याकडे नव्हते. नातेवाईकांपैकी ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनी मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली. एका बँकेत मी बाबांना घेऊन गेलो, तर बाबा पायरीशीच चपला काढून उभे राहिले आणि आत यायला तयार होईनात. शेवटी कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं की लहान धंद्यांना सरकार कर्ज देतं, अर्ज कर. जामीन हवा होता. तो राहिली एक कोळीण. तिची स्वतःची होडी होती, स्वतःचं घर होतं, आणि आमच्याशी तिचा जुना व्यवहार होता. मी तिला मावशी म्हणतो. तिने कागदावर अंगठा उठवला आणि बोट लुगड्याला पुसत मला म्हणाली, "कालेजवाल्या, माजी होरी बुडवू नको रं!"

ते ती हसत म्हणाली, पण त्या दिवसापासून मी तिच्या होडीकडे बघायचं टाळू लागलो.

आई झाडू शोधायला का उठली ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी खाकी टोपी घातलेला एक माणूस भट्टीवर आला होता. धुराची तक्रार आहे म्हणाला. कोळशाच्या ढिगाला पायाने ढोसलं, राखेकडे बघून नाक मुरडलं, काहीतरी लिहून घेतलं आणि "हे सगळं इथून उठवावं लागेल" असं सांगून गेला. तो परत आला नाही. कुठल्या कचेरीचा होता हे आम्हाला आजही ठाऊक नाही. पण तेव्हापासून रस्त्यावर खाकी टोपी दिसली की आई भाता सोडून भट्टीवर पाणी मारायची. आमच्या घराला सरकारची ओळख होती ती एवढीच.

म्हणून साहेब येणार म्हटल्यावर आम्ही सगळी घाण लपवायला लागलो. मीही त्यात होतो. आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा किती लखलखीत असते हे मीच आईला सांगितलं. कोळसा पाट्यांत भरून आम्ही मावशीच्या वाडीत, बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली नेऊन टाकला. राख खाडीत गेली. अर्धवट झालेले नांगर, गंजलेल्या पट्ट्या, मोडकी सुकाणूची लोखंडं डोळ्यांना बरी दिसत नव्हती, म्हणून तीही मावशीच्या वाडीत गेली. भिंतींना चुना दिला. भट्टी आतून बाहेरून सारवली. बांबूला कुंचला बांधून मी छपरालाही चुना मारणार होतो, पण बाबा म्हणाले, "कौलां फुटतली. वर कोण बघता?" तेवढं राहिलं.

बुधवारी संध्याकाळी मावशी डोकावली. कमरेवर हात ठेवून तिने भट्टी पाहिली.

"अगं बाय माजे! लगीन हाय काय कुनाचा?"

"सायब येतलो ना उद्या," आई म्हणाली.

"जेवाय येतंय का कर्ज द्याय येतंय?"

आईने तिला हाकललं. मला मात्र त्या चुन्याच्या वासात एकदम अस्वस्थ वाटलं. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सापडेना.

गुरुवारी उजाडता उजाडता बाबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि हत्यारं पाटावर मांडायला घेतली. हातोडे, घण, सांडशी, छिन्न्या. प्रत्येकाला तेल लावून पुसलं. ऐरणीला तेल लावलं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आईने भट्टीच्या खळग्यात, जिथे निखारे असतात तिथे, रांगोळी काढली आणि भात्याच्या दांड्यावर फूल ठेवलं. दसऱ्याला करतो तसंच अगदी.

"आज दसरा नाही, बाबा," मी म्हणालो.

"आजच्यापेक्षा मोठो दिस खंयचो रे?"

आमच्याकडे पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, त्या दिवशी ते बसतं. लहानपणी एका दसऱ्याला मी खेळता खेळता हातोडा उचलला होता, तेव्हा बाबांनी आयुष्यात एकदाच माझ्या थोबाडीत मारली. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आईला माहीत होतं. तरी साहेब काम करून दाखवायला सांगेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. साहेब कागद बघतात, जागा बघतात, माणूस बघतात. लोखंड तापवलेलं बघायला कोण साहेब येतो?

अंधेरी स्टेशनहून येणाऱ्या बसमधून ते उतरले. मध्यम वयाचे, किडकिडीत, पांढरा शर्ट, हातात कातडी बॅग. टोपी नव्हती, हे पाहून मला उगाच बरं वाटलं. मावशी आधीच येऊन ओट्यावर बसली होती. बाबांनी वाकून नमस्कार केला तो इतका खाली की साहेब एक पाऊल मागे सरले.

त्यांनी आत येऊन सगळीकडे पाहिलं. भट्टीपाशी जाऊन रांगोळी पाहिली. मातीवर हात ठेवला. ती गार होती, ओलसरही असेल. ऐरणीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं तेल-कुंकू रुमालाला पुसलं.

"इथे काम केव्हा होतं?"

"रोज, साहेब," बाबा म्हणाले.

"रोज?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "कोळसा कुठे आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. कोळसा बोंबलांखाली आहे असं सरकारी माणसाला कसं सांगायचं?

"राख? भट्टी रोज चालते तर राख असेल ना?"

"टाकली," मी म्हणालो.

"केलेला माल? निदान अर्धवट?"

बाबांनी मान खाली घातली. साहेब खुर्चीवर बसले. ती आम्ही शेजाऱ्यांकडून त्यांच्यासाठीच आणली होती. त्यांनी बॅगेतून कागद काढले, पेनाचं टोपण काढलं आणि शांतपणे बोलू लागले. ओरडले असते तर एवढी भीती वाटली नसती.

"हे पहा, मी अशा जागा पाहिल्या आहेत. चार हत्यारं कुठूनतरी आणायची, भिंतींना चुना फासायचा, फुलं वाहायची आणि कारखाना म्हणून दाखवायचा. कर्ज मिळालं की दुसऱ्या महिन्यात तिथे पानाची गादी असते. तुम्ही तसे असाल असं मी म्हणत नाही. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

मला ऐरण दिसत होती, पण तिचा आकार समजत नव्हता. सगळ्यात भयंकर हे होतं, की त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

"एक करा," साहेब म्हणाले. "एखादा खिळा करून दाखवा. फार वेळ लागणार नाही."

बाबा जागचे हलले नाहीत.

"काय झालं?"

"आज नाही जमणार, साहेब."

"का?"

"पुजलेली आसत." मग त्यांना भान आलं आणि ते शुद्ध बोलायला गेले, "हत्यारं पुजली आहेत. आज हात लावत नाहीत. उद्या करून दाखवतो. उद्या कितीही."

"उद्या मी येणार नाही. इथून मला मुलुंडला जायचंय, उद्या आणखी कुठे." त्यांनी पेन कागदाला टेकवलं.

"बाबा," मी म्हणालो. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. साहेबाच्या भीतीने ते मघापासून वाकले होते, पण आता ते साहेबाकडे बघतच नव्हते. पाटावरच्या मोठ्या हातोड्याकडे बघत होते. दोन्हीकडून पकडला गेलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ओट्यावरून मावशी उठली.

"अरे दादा, काय दगड झाला काय तुजा? आमी होरी पुजतो, नारळ देतो नि तवाच दर्यान लोटतो. पुजलेली होरी किनाऱ्याव ठेवली तर पोरा काय रेती खातील?"

"तुमचो देव येगळो, बाये."

"देव येगला, पन पोट येगला हाय काय?" मग साहेबांकडे वळून, "सायेब, तुमी तसा नको लिवू. माजा अंगठा हाय त्या कागदाव. हा मानूस लबाड असता तर मी कवाच याचे हातोड्यान याचा डोसका फोडला असता."

साहेबांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण पेन कागदावरून उचललं गेलं नाही.

तेव्हा आई पुढे झाली. ती भात्यापाशी गेली. भाता तिचाच होता, लग्न होऊन आल्यापासून तीच ओढत होती. तिने दांड्याला हात जोडले, त्याच्यावरचं फूल उचलून अंबाड्यात खोवलं आणि मला म्हणाली, "कोळसो हाड."

"गो..." बाबा म्हणाले.

"माझ्या भात्याचां मी बघीन," आई म्हणाली. "तुमच्या हातोड्याचां तुमी बघा."

मी धावलो. पाटी भरून कोळसा आणला तर त्यात दोन बोंबीलही आले. आईने रांगोळी हाताने विस्कटली, त्यावर कोळसा रचला आणि चुलीतला निखारा आणून ठेवला. भाता फुसफुसू लागला. ओल्या सारवणातून वाफ आली, चुन्याच्या भिंतीवर धुराचा पहिला पट्टा उमटला. मी एक लोखंडी सळी निखाऱ्यात खुपसली. ती हळूहळू लाल झाली. बाबा पाटासमोर उभे होते. मग ते खाली वाकले, हातोड्याला कपाळ टेकवलं, फूल बाजूला ठेवलं आणि तो उचलला.

पहिला घाव घातला आणि सळी उडाली.

ऐरणीला तेल होतं. सकाळी त्यांनी स्वतःच चोळून लावलं होतं. तापलेली सळी सांडशीतून निसटून साहेबांच्या पायाजवळ पडली आणि त्यांच्या बॅगेच्या कडेला चटका बसून कातड्याचा वास सुटला. साहेब खुर्चीवरून ताडकन उठले. आई किंचाळली. बाबांच्या हातून हातोडा खाली पडला आणि ते तिथेच जमिनीवर बसले, दोन्ही हात डोक्यावर धरून. आता काही उरलं नाही असंच मला वाटलं. साहेब गेला, देवही गेला. मी सळी सांडशीने उचलून पाण्यात टाकली, तिचा चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि भीतीने आईचा हात थांबायच्या ऐवजी जोरात चालला. ती भाता ओढतच राहिली. आग फोफावली, गरम धूर वर गेला, आणि वरून काहीतरी साहेबांच्या खांद्यावर पडलं. मग आणखी एक. काळे, लोंबते, मऊ तुकडे. मग कागदांवर एक.

साहेबांनी वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. कौलांखाली, वाशांना, जिथे माझा कुंचला पोचला नव्हता, तिथे काजळी लोंबत होती. नुसती काळी नव्हे. झाडाच्या सालीसारखी थरावर थर चढलेली, कुठे हातभर लांब, वाऱ्याने हलणारी. माझ्या जन्माच्या आधीपासूनची. वर कोण बघतं म्हणून राहिलेली.

साहेब बराच वेळ मान वर करून उभे होते. मग त्यांनी शर्टावरचा तुकडा झटकला. तो पुसला गेला आणि पांढऱ्यावर लांब काळा ओरखडा उठला.

"ही एका दिवसात आणता येत नाही," ते म्हणाले, जणू स्वतःशी. मग आईला विचारलं, "अहो बाई, बाकीचं सगळं का धुतलंत?"

आई भाता सोडून पदर सावरत उभी राहिली. "साहेब, मागच्या वर्षी एक येऊन गेला. धूर नको, राख नको, सगळां उठवा म्हणालो."

"कोण?"

"टोपीवालो."

"तो आमच्या खात्याचा नव्हे."

"आमका काय कळणार, साहेब?" आई म्हणाली. "तुम्ही सगळे सरकारच ना."

साहेब पुन्हा खुर्चीकडे वळले. खुर्चीवर बसून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते मला उलट्या बाजूने वाचता आलं नाही. बाबा अजून जमिनीवरच होते. त्यांना उठवायला साहेबांनी हात पुढे केला, पण बाबांनी तो धरला नाही. धरायचा असतो हे त्यांना सुचलं नसावं. "पत्र येईल," एवढं सांगून साहेब चटका बसलेली बॅग घेऊन बसच्या रस्त्याला लागले. आम्ही केलेला चहा तसाच राहिला. तो मावशी प्यायली.

पत्र येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. बाबा कामाला बसत, पण तो हातोडा घेत नसत. लहान हातोड्याने जमेल तेवढं करत. एकदा अंगठ्यावर घाव बसला, तर रक्ताकडे बघून म्हणाले, "देवाचो घाव बसलो एकदाचो," आणि त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. पोस्टमन दिसला की मी ओट्यावर जाऊन उभा राहायचो. मावशी सारखी विचारायची, "आला काय रं सरकारचा बोलावना?" आणि मला तिची होडी डोळ्यांसमोर दिसायची, किनाऱ्यावर लिलावाला उभी असलेली.

कर्ज मंजूर झालं. मशीन बैलगाडीतून आलं, वीज आली, भोकं एका रेषेत पडू लागली. मावशीच्या होडीच्या इंजिनाच्या पट्ट्या पहिल्या झाल्या. गोष्ट इथे संपली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. पण हप्ते आहेत. हप्त्याच्या आठवड्यात बाबा जेवताना बोलत नाहीत. मशीन सुरू करताना अजूनही आधी रस्त्याकडे बघतात.

यंदा दसऱ्याला त्यांनी सगळी हत्यारं मांडली. तो मोठा हातोडा सगळ्यांत पुढे ठेवला. मग मशीनसमोर फूल हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले.

"कर्ज फिटासर ह्या सरकारचां ना रे? पुजलां तर बंद ठेवूक होया. आणि नेमको आजच कोण बघूक इलो तर?"

शेवटी त्यांनी फूल वाहिलं, मशीन बंद ठेवलं, आणि दिवसभर दाराबाहेर बसचा रस्ता दिसेल असे बसून राहिले.

मग दिवाळी आली. घराची झाडलोट करताना मी बांबूला झाडू बांधला आणि भट्टीवरच्या वाशांकडे वळलो. मागून आई धावत आली आणि तिने बांबू दोन्ही हातांनी धरला.

"तेका हात लावू नको," ती म्हणाली. "कोण इलो तर दाखवूक होयी."

ती काजळी अजून तिथेच आहे. मी तिच्याखाली बसून अभ्यास करतो. कधी कधी एखादा तुकडा वहीवर पडतो. मी तो फुंकर मारून उडवतो, आणि नकळत मान वळवून रस्त्याकडे बघतो.